वाचकांचे प्रश्न : रडू आवरत नाही, मग आनंद कसा करू?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांतील तीन पत्रे मी या वेळी एकत्र घेतली आहेत. ती रावेर, नवापूर आणि चाळीसगाव या तीन तालुक्यांतून आली आहेत. लिहिणाऱ्यांचे वय वेगळे, काम वेगळे, संकटही वेगळे. तरी तिन्ही पत्रे वाचताना मला एकच धाकधूक ऐकू आली, ती म्हणजे मनात आनंद नाही म्हणून आपला विश्वासच खोटा ठरतो की काय, ही. पहिल्या पत्राला मी अधिक जागा दिली आहे आणि इतर दोघे मला समजून घेतील, असा मला भरवसा आहे.

प्रश्न : गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास माझे यजमान हृदयविकाराने अचानक गेले. दोन एकर केळी आहे, ती मी आणि मुलाने कशीबशी सांभाळली. जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ आले आणि निसवलेली बाग अर्ध्या तासात आडवी झाली. सोसायटीचे कर्ज आहे, मुलगा बारावीत आणि मुलगी नववीत आहे. रविवारी उपासनेला जाते, पण गीत सुरू झाले की गळा दाटून येतो आणि शब्द फुटत नाही. मंडळीतील एक वडीलधारे म्हणाले, "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा असे वचन आहे; तुम्ही अशा रडत राहिलात तर मुलांपुढे काय साक्ष राहील?" तेव्हापासून माझे दुःख हेच माझे पाप आहे असे वाटू लागले आहे. रात्री झोप लागत नाही. कधी कधी सकाळ होऊच नये असे वाटते. माझ्यात आनंद का येत नाही?

उत्तर : प्रिय ताई, प्रभूच्या नावात सलाम.

तुमच्या पत्रातील शेवटून दुसऱ्या वाक्याकडे मी आधी वळते, कारण ते वाचल्यावर मला पुढचे काही सुचेना. सकाळ होऊच नये असे ज्या रात्री वाटेल, त्या रात्री कृपा करून एकट्या राहू नका. मुलांना घाबरवायला नको म्हणून गप्प बसू नका. बहिणीला, भावजयीला, शेजारणीला, पाळकांच्या पत्नीला, जिच्याशी मन मोकळे होते तिला उठवा. शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते आणि मराठीतून बोलता येते. मी चाळीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. झोप उडालेली असणे, अन्नावरची वासना जाणे, जगणे नकोसे होणे ही शरीराने आणि मनाने घातलेली हाक असते, ती डॉक्टरांपर्यंत पोहोचवायची असते, हे त्या अनुभवावरून सांगते. यात विश्वास कमी पडल्याचा प्रश्नच येत नाही.

आता त्या वचनाकडे येते. ते प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला, म्हणजे फिलिप्पैकरांस, लिहिलेल्या पत्रातले आहे. ते पत्र अवघे चार अध्यायांचे आहे, आणि ते त्याने तुरुंगातून लिहिले आहे हे आपण सर्वजण उपदेशांतून ऐकतो. पण ज्या पत्राच्या चौथ्या अध्यायात "सर्वदा आनंद करा" असे आहे, त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की हे मी रडत रडत सांगत आहे. दुसऱ्या अध्यायात त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आल्याची हकिकत आहे, आणि तेथे पौल मोकळेपणाने कबूल करतो की देवाने एपफ्रदीतावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. ताई, "दुःखावर दुःख" हे शब्द आनंदाच्या त्या पत्रातलेच आहेत. यजमानांच्या मागोमाग बाग गेली, ही तुमची अवस्था सांगायला पौलानेच शब्द देऊन ठेवले आहेत. ज्याने आनंद करा म्हटले, त्याने स्वतःचे अश्रू लपवून ते म्हटलेले नाही, आणि म्हणून त्या वचनाचा उपयोग कोणाचे रडणे थांबवण्यासाठी करणे मला योग्य वाटत नाही. लाजराच्या कबरेपाशी स्वतः प्रभू येशू रडला, आणि तोही पुढच्या घटकेला तो मेलेला मित्र जिवंत होऊन उठणार हे ठाऊक असताना. त्याच्या साक्षीला त्या अश्रूंनी बाधा आली नाही, मग तुमच्या साक्षीला कशी येईल?

फिलिप्पैकरांस पत्राच्या त्याच चौथ्या अध्यायातील आणखी एक गोष्ट मला गेली अनेक वर्षे सांगावीशी वाटत होती. "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे" हे तेरावे वचन आपल्याकडे कितीतरी घरांच्या भिंतीवर चौकटीत लावलेले असते. माझ्याही घरात ते आहे. पण त्याच्या पुढचे, चौदावे वचन कोणी चौकटीत लावलेले मी पाहिले नाही. त्यात पौल म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे तुम्ही चांगले केले. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला देणगी पाठवली होती, आणि ती मिळाली तेव्हा आपल्याला प्रभूमध्ये फार आनंद झाला असे तो दहाव्या वचनात लिहितो. उपाशी राहण्याची सवय झाली आहे असे सांगणारा तो प्रेषित, दूरच्या गावाहून आलेल्या मदतीने आनंदित होतो, आणि त्या आनंदाला "प्रभूमधला" आनंद म्हणतो. सामर्थ्य आणि आधार ही दोन वचने त्याने एकमेकींना लागून लिहिली; आपण मात्र त्यांची फारकत केली आणि संकटातल्या माणसाला पहिले वचन देऊन घरी पाठवू लागलो.

माझे स्वतःचे सांगते. माझे यजमान भुसावळला रेल्वेत गार्ड होते. ते गेले तेव्हा फेब्रुवारी महिना होता. दफनविधीच्या दिवशी मलाही एका बाईंनी, "रडू नका, ते प्रभूजवळ आहेत," असे सांगितले होते. त्यांचे म्हणणे खरे होते, तरी त्या क्षणी ते मला दार लावून घेतल्यासारखे वाटले. पुढे कितीतरी रविवार मी उपासनेत ओठ मिटून बसत असे. माझ्या शेजारी बसणाऱ्या एक वयस्कर बाई दर रविवारी गीतपुस्तक उघडून त्या पानावर बोट ठेवीत, पुस्तक माझ्या मांडीवर सरकवीत आणि स्वतः पाठ असलेले गीत म्हणत. गा म्हणून त्या मला कधी म्हणाल्या नाहीत. मला आता वाटते की ते सारे महिने माझ्या वाटचे गीत त्या गात होत्या.

चैत्र लागला, उन्हाने छत तापू लागले, आणि एका सकाळी महिला मंडळातील सात-आठ जणी माझ्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. त्या वर्षी मी पापड-बिबड्या काही घालणार नव्हते, कोणासाठी घालायच्या, असे मनात होते. त्यांनी मला काही विचारले नाही. ज्वारी भिजवून दळून आणलेलीच होती; चूल मांडली, घाटा शिजवायला ठेवला, बाजेवर ओले कापड अंथरले आणि माझ्यापुढे पाण्याची वाटी ठेवून, "तुम्ही थापा," एवढेच म्हणाल्या. घाट्याचा वास सुटल्यावर गल्लीतली पोरे वाट्या घेऊन आली. त्यातील एक जण गरम घास तोंडात घेऊन नाचू लागला आणि मी हसले. आपण हसलो, हे माझ्या लक्षात आले तेव्हा मला प्रथम अपराधी वाटले आणि मग देवाचे फार उपकार वाटले. संध्याकाळी पुन्हा रडले. ताई, तो आनंद असा होता. दुःख संपल्यावर तो आला नाही, दुःख असतानाच बाजूला येऊन बसला.

एलीयाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. राजे पहिले, एकोणिसावा अध्याय : तो रानातल्या झुडपाखाली बसून देवाला म्हणाला की आता पुरे, माझा प्राण घे. एवढ्या मोठ्या संदेष्ट्याने हे मागितले, आणि देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला हलवून जागे केले आणि, "ऊठ, खा," असे म्हटले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवून पुन्हा झोपला. दूताने दुसऱ्यांदाही तेच केले. बोलणे झाले ते पुढे कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. तेव्हा आज तुमच्याच्याने मोठी प्रार्थना होत नसेल तर दोन घास खाणे, मुलीने केलेला चहा घेणे, दुपारी तासभर पडणे हेही मी विश्वासातलेच काम समजेन.

बागेविषयीही थोडे लिहिते, कारण तीही प्रार्थनेपासून वेगळी ठेवता येत नाही. पंचनामा झाला नसेल तर तलाठी आणि कृषी सहायक यांच्याकडे लगेच जा. यजमानांनी फळपीक विमा काढला होता का, ते त्यांच्या कागदांत पाहा. आणि सातबाऱ्यावर वारस नोंद अजून झाली नसेल तर ती आधी करा, कारण भरपाई, कर्ज सारे तेथे येऊन अडते. हे तुम्ही एकटीने करू नये. ज्या वडीलधाऱ्यांनी तुम्हाला ते वचन सांगितले, त्यांनाच माझ्या वतीने विनंती करा की एक दिवस तुमच्याबरोबर तहसील कार्यालयात चला. ते वाईट मनाचे नसावेत. दुसऱ्याच्या दुःखापुढे काय बोलावे हे सुचत नाही तेव्हा माणूस वचनाआड लपतो, मीही लपले आहे. एकमेकांची ओझी वाहा, असे गलतीकरांस सांगितले आहे, आणि कागदपत्रांची पिशवी हेही ओझेच आहे.

हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट वाचा. अंजिराला फुले नाहीत, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत, अशी एकेक गोष्ट तो मोजतो आणि मग म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. मला त्यातील मोजणी महत्त्वाची वाटते. नुकसान झालेच नाही, असे तो म्हणत नाही. पंचनामा करावा तसे सारे नोंदवतो आणि मग "तरी" म्हणतो. तुम्हीही देवापुढे मोजा. आडवी झालेली खोडे, सोसायटीचा हप्ता, रिकामी खाट, सगळे नाव घेऊन सांगा. "तरी" हा शब्द आज आला नाही तर उद्या येईल. स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्यात शेवटपर्यंत उजेड नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात प्रार्थना म्हणून ठेवले आहे.

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई १९२१ मध्ये गेली. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेलेला, आणि उतारवयात ही मुलगी. तरी केडगावच्या मुक्ती सदनात पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे त्यांचे काम चालूच राहिले. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. त्या दिवसांत त्यांच्या मनात काय असेल ते देव जाणे. मी त्यांना हसतमुख रंगवणार नाही. पण जे वचन त्या रोज हाताळीत होत्या त्यात अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र होते, हबक्कूक होता आणि फिलिप्पैकरांस पत्रही होते, हे आठवले की मला धीर येतो.

पडलेल्या बागेत काही कंदांना पील, म्हणजे बाजूचा नवा कोंब, फुटले असेल. पिलबाग धरायची की मोडायची, याचा निर्णय मुलाशी आणि एखाद्या जाणत्या शेतकऱ्याशी बोलून घ्या. घाई करू नका. पुढच्या महिन्यात मला पुन्हा लिहा, मी वाट पाहते.

प्रश्न : मी नवापूर तालुक्यातील मावची समाजाचा आहे. दिवाळीनंतर मी आणि बायको टोळीबरोबर गुजरातमध्ये ऊसतोडीला जातो. मुकादमाची उचल घेतलेली असते. पडावावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामावर, रविवार नसतो, मंडळी नसते. पहाटे अंधारात गाडी भरायला उठावे लागते, रात्री भाकर खाताखाता डोळे मिटतात. पवित्र शास्त्र पिशवीत तसेच राहते. गावी परतल्यावर उपासनेत सगळे टाळ्या वाजवून गातात आणि मला आत कोरडे वाटते. मी देवापासून लांब गेलो आहे का?

उत्तर : प्रिय बंधू, तुम्ही लांब गेलेला नाहीत, तुम्ही थकला आहात. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा पवित्र शास्त्रातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे, तिचे कारण लक्षात घ्या : तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास. ती आज्ञा राबणाऱ्याच्या बाजूने दिलेली आहे. तुम्हाला रविवार मिळत नसेल तर तो हिशेब देव काम करवून घेणाऱ्यांकडे मागेल. तुमच्या नावावर तो पाप म्हणून लिहिणार नाही. आणि देव आपल्या प्रियजनांना झोप देतो, असे एकशेसत्ताविसाव्या स्तोत्रात आहे. भाकर खाताखाता मिटलेल्या डोळ्यांवर तो रागावतो, असे मला कोठेही वाचल्याचे आठवत नाही.

तरी आतला ओलावा टिकावा ही तुमची तळमळ खरी आहे. एकशेएकविसावे स्तोत्र आठ वचनांचे आहे आणि ते वाटसरूंचे गीत आहे. गावी असतानाच ते पाठ करा, आणि पडावावरून फडापर्यंत चालताना रोज एकच वचन मनात घोळवा. प्रार्थना मावचीत करा. ग्रंथातली मराठी जमली पाहिजे असे नाही, आईशी बोलता तसे बोला. पडावावर तुमच्याच भागातले विश्वासी आणखी एखादे कोयते, म्हणजे ऊसतोडीचे जोडपे, असेल. दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तेथे मी आहे, असे प्रभूने सांगितले आहे, आणि दोन जोडप्यांनी चुलीभोवती पाच मिनिटे बसणे एवढ्यालाही ते लागू आहे.

फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गात होते, हे तुम्ही ऐकले असेल. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय पुढेही वाचा. त्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याने त्याच रात्री त्यांच्या पाठीवरचे वळ धुतले, त्यांना घरी नेऊन जेवू घातले, आणि मग तो आपल्या सर्व घराण्यासह आनंदित झाला असे लिहिले आहे. तुमच्या बायकोच्या हाताला उसाच्या पात्याने चिरा पडल्या असतील. एखाद्या रात्री पाणी कोमट करून त्या धुवा आणि तेल लावा. तेवढी उपासना तुमच्याकडून नक्की होईल.

प्रश्न : वय ६२, चाळीसगाव तालुका. मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. शेजारच्या गावी एका प्रार्थना सभेत बाहेरून आलेल्या उपदेशकाने सांगितले की पूर्ण विश्वास असेल तर गोळ्यांची गरज नाही. मी त्या दिवशी फार आनंदाने घरी आलो आणि गोळ्या बंद केल्या. तीन आठवडे झाले. आता डोळ्यांपुढे अंधुक दिसते, पायाला झालेली जखम भरत नाही, आणि तो आनंदही गेला. नुसती भीती राहिली आहे. माझा विश्वास कमी पडला का?

उत्तर : दादा, तुमचा विश्वास कमी पडलेला नाही, तुम्हाला चुकीचे सांगितले गेले, आणि ते मी स्पष्ट शब्दांत लिहिते कारण असे सांगितल्यामुळे पाय गमावलेले रुग्ण मी वॉर्डात पाहिले आहेत. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल लिहितो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेत येथे ठेवून आलो. ज्या पौलाच्या हातून लोक बरे झाले, त्याचा सोबती आजारीच मागे राहिला, आणि त्याच्या विश्वासाविषयी पौल एकही वावगा शब्द लिहीत नाही. पोटाच्या दुखण्यासाठी काय घ्यावे, हे त्याने तीमथ्याला पहिल्या पत्रात सांगितले आहे, आणि पौलाच्या सोबत राहणारा लूक तर वैद्यच होता. देव बरे करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. चाळीस वर्षे रोज सकाळी औषधांचा ट्रे उचलताना मी तीच प्रार्थना केली, आणि त्या ट्रेला देवाच्या हातापासून कधी वेगळे मानले नाही.

ज्या आनंदाने तुम्हाला तुमच्या औषधापासून तोडले, तो गेला त्याचे वाईट वाटून घेऊ नका. भीती वाटते ते बरोबर आहे, तिचे ऐका. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नये म्हणून मी तुम्हाला वेगळे पत्रही पाठवले आहे. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून घ्या, जखम उघडून डॉक्टरांना दाखवा, आणि गोळ्या किती दिवस बंद होत्या ते त्यांना खरे सांगा; स्वतःच्या मनाने जुना डोस सुरू करू नका. डोळ्यांचीही तपासणी करून घ्या. जाताना सुनेला किंवा मुलाला बरोबर न्या, कारण डॉक्टर काय म्हणाले ते घाबरलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. तोवर अनवाणी चालू नका.